एका पानाचं पुस्तक

टाइपबाई माझ्या शेजारच्या गाळ्यात बसतात. त्या टाइप करतात, मी पुस्तकं बांधतो. दोन गाळ्यांच्या मध्ये प्लायवूड आहे. तिकडे कुणी शिंकलं तर इकडून मी विचारतो, औषध घेतलं का. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते मला कसं कळलं, हा प्रश्न कुणी काढू नये.

त्यांचं नाव पाटीवर आहे, पण पाटी कुणी वाचत नाही. सतराव्या वर्षी वडिलांनी त्यांना टायपिंगच्या क्लासला घातलं, कारण थोरलीला शिवणक्लासला घातलं होतं आणि घरात शिवणयंत्र एकच होतं. बाईंचा हात चांगला बसला. पुढे लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. तो दिवसभर खाली-वर करून आला की बोलायचा नाही, बाई दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बडवून आल्या की बोलायच्या नाहीत. संसार उत्तम चालला. एक मुलगी झाली, शिकली, दूर गेली. रविवारी फोन करते.

वीस वर्षं बाईंनी अर्ज टाइप केले. नोकरीचे, रजेचे, बदलीचे, गळक्या नळाचे. अर्जाबद्दल त्यांचं ज्ञान पक्कं होतं. अर्जाला तीन गोष्टी लागतात, त्या म्हणायच्या, वर कोण, खाली कोण आणि पाहिजे काय. मधला मजकूर लोक हौसेने घालतात.

मग अर्ज फोनवरून जायला लागले आणि बाईंचं गिऱ्हाईक आटलं. गाळा बंद करायच्या बेतात असताना एक निवृत्त पशुवैद्य कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत दोनशे पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"एवढा मोठा अर्ज?" बाईंनी विचारलं.

"अर्ज नाही. आयुष्य आहे."

"कुणाच्या नावे?"

पशुवैद्यांनी जरा विचार केला. "तसं कुणाच्याच नावे नाही."

"मग पाहिजे काय?"

यावर त्यांनी पानं टेबलावर काढून ठेवली आणि ते म्हणाले, "पन्नास प्रती."

पशुवैद्य रोज सकाळी अकरा जणांबरोबर फिरायला जात. त्यांचं पुस्तक निघाल्यावर वर्षभरात त्यातल्या नऊ जणांनी आपापली पिशवी आणली. दहाव्याचा हात कापायचा, म्हणून त्याने सांगून लिहून घेतलं. अकरावा म्हणाला, माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही. आणि दीड वर्षाने त्यावरच साडेतीनशे पानं घेऊन आला.

हे सगळं आत्ताच का सुरू झालं, यावर आमच्या गल्लीत बरीच मतं आहेत. माझं मत असं की छपाई सोपी झाली. पूर्वी हजार प्रती काढाव्या लागत, त्या ठेवायला खोली लागे, आणि खोली द्यायला बायको तयार नसे. आता पन्नास निघतात, पलंगाखाली मावतात. बाईंच्या मुलीचं मत असं की माणसं हल्ली जास्त जगतात. निवृत्त झाल्यावर पुढची पंचवीस वर्षं करायचं काय, तर मागची साठ लिहायची. शिवाय गल्लीच्या टोकाला आत्मचरित्र लिहायला शिकवणारा वर्ग निघाला. तिथे पहिल्या दिवशी सगळ्यांना डोळे मिटून आजोळचा वास आठवायला लावतात. त्यामुळे बाईंकडे येणाऱ्या प्रत्येक हस्तलिखिताचं पहिलं पान वासाचं असतं.

स्वतः टाइपबाईंचं मत वेगळं होतं. "पूर्वी साक्षीदार शेजारीच राहायचे," त्या म्हणायच्या. "मी लहानपणी नदी पोहून गेलो, असं कुणी लिहिलं की पलीकडच्या दारातून आवाज यायचा, कमरेएवढं तर पाणी होतं. आता साक्षीदार पांगले. कुणी मुलाकडे, कुणी मुलीकडे, कुणी वर. मैदान मोकळं आहे."

हे त्या मला म्हणायच्या. गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाइकाच्या मजकुरातलं शुद्धलेखन सोडून त्यांनी कधी कशाला हात लावला नाही. एका हेडमास्तरांचा जन्म त्यांच्याच पुस्तकात दोन वेगळ्या गावी झाला होता. बाईंनी दोन्ही गावांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून पान पुढे सरकवलं. पण एकशे बारा आयुष्यं टाइप केल्यावर काही वाक्यं बोटांना पाठ होतात. 'माझ्या पत्नीने मला मोलाची साथ दिली' हे वाक्य प्रत्येक पुस्तकात यायचं, बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर. बाईंनी त्याला कीबोर्डवरची एक कळ देऊन टाकली. कळ दाबली की अख्खं वाक्य उमटे, पूर्णविरामासकट. लिहिणाऱ्या बायकांसाठी शेजारची कळ होती, तिच्यात 'यजमानांचा भक्कम पाठिंबा' होता.

तर एका मंगळवारी पाणीपुरवठा खात्यातले एक निवृत्त स्टोअरकीपर आले. बाहत्तर वर्षांचे, ताठ, अक्षर छापल्यासारखं. त्यांचा उजवा खांदा धरला होता म्हणून पिशवी बायकोकडे होती. स्टोअरकीपरांनी आपलं आयुष्य गोदामासारखं लावलेलं होतं. प्रत्येक गोष्टीची तारीख, ठिकाण, आणि शक्य असेल तिथे वजन. स्वतःच्या जन्माचंही वजन दिलं होतं. दर मंगळवारी ते दोन प्रकरणं आणायचे आणि बाईंच्या पाठीमागे उभं राहून टाइप होताना बघायचे. बायको बाकावर बसायची. काकू आम्ही त्यांना म्हणायचो. त्या बसल्या बसल्या माझे कागदाचे तुकडे एकसारखे लावून ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आठव्या मंगळवारी स्टोअरकीपर जुने फोटो स्कॅन करायला समोरच्या दुकानात गेले. काकू उठून बाईंच्या टेबलापाशी आल्या.

"माझ्याबद्दल आहे का हो काही?"

"आहे," टाइपबाई म्हणाल्या.

"काय आहे?"

"मोलाची साथ दिलीत."

"कशात?"

बाईंनी हस्तलिखिताचं पान उलटून पाठ बघितली. "ते लिहिलेलं नाही."

काकू हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "आणि बदलीचं प्रकरण? झालं का टाइप करून?"

"गेल्या मंगळवारी झालं. चौदावं."

"हं," काकू म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

चौदावं प्रकरण म्हणजे त्या पुस्तकाचा प्राण होता. ते आम्हाला तोंडपाठ होतं, कारण स्टोअरकीपर लिहिण्याआधी सांगायचे, लिहिल्यावर वाचून दाखवायचे आणि टाइप झाल्यावर पुन्हा सांगायचे. चौतीस वर्षांपूर्वी जुने व्हॉल्व्ह रंगवून नवे म्हणून गोदामात आले. यांनी नव्याच्या पावतीवर सही करायला नकार दिला. साहेबांनी बोलावलं, समजावलं, आवाज चढवला. हे ढळले नाहीत. महिन्याभरात बदली झाली ती थेट धरणावरच्या गोदामात, जिथे आठवड्यातून दोनदा बस जायची. तत्त्वासाठी बदली! पुढचं प्रकरण होतं 'वनवासाची सहा वर्षे'.

पुढच्या मंगळवारी काकू एकट्याच आल्या. स्टोअरकीपरांना खांद्याच्या व्यायामाला नेलं होतं.

"मला एक पान टाइप करून हवंय," त्या म्हणाल्या. "यांच्या पुस्तकात घालायचं नाही. वेगळंच. मी सांगते, तुम्ही घ्या."

"वर कोण?"

"वर कुणी नाही."

"खाली?"

"मी."

आणि काकूंनी सांगायला सुरुवात केली. मी त्या वेळी एका पाठ्यपुस्तकाला खळ लावत होतो. ती वाळून गेली.

दोन खोल्यांच्या घरात सासूबाई, दोन दीर, जाऊ आणि मिळून पाच मुलं होती. काकू स्वयंपाकघरात निजायच्या, आणि स्वयंपाकघराला दार नव्हतं. नवऱ्याला बोलून उपयोग नव्हता, कारण आई आणि भावांना सोडून वेगळं राहायचा विषय काढला की ते जेवण टाकून उठायचे. मग एका दुपारी काकू साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. साहेब नव्हते, त्यांची बायको बागेला पाणी घालत होती. फाटकाबाहेर उभ्या राहून काकूंनी सांगितलं, यांची बदली करा. कुठेही करा, पण राहायला क्वार्टर असेल अशा ठिकाणी. साहेबांच्या बायकोने विचारलं, का? काकू म्हणाल्या, मला आतून लावता येईल असं एक दार पाहिजे.

तीन आठवड्यांनी ऑर्डर निघाली.

"'धरणावरच्या क्वार्टरला दोन दारं होती,'" बाईंनी टाइप केलेलं वाचून दाखवलं. "'दोन्हींना आतून कडी. पहिल्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी कडी लावली आणि जमिनीवर आडवी झाले. झोप आली नाही, पण पडून राहिले. ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.' पुढे?"

"पुढे काही नाही. झालं."

पान पाऊण भरलं होतं. बाईंनी शुद्धलेखन तपासलं. मग, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, गिऱ्हाइकाला मजकुराबद्दल प्रश्न विचारला. "त्यांना का नाही सांगितलं?"

"सांगणार होते. पण पहिल्याच महिन्यात यांनी ते तत्त्वाचं सगळ्यांना सांगून टाकलं. आणि इतके खूश होते हो. वनवासात माणूस एवढा खूश नसतो."

काकू ते पान घेऊन माझ्या दारात आल्या. "बांधून द्या."

"काकू, एका पानाचं पुस्तक होत नाही. कणाच येत नाही त्याला."

"मग कोरी पानं घाला."

मी बत्तीस कोरी पानं घातली. त्यांचं पान मधोमध आलं. वर निळं कापड लावलं, नाव काही घातलं नाही. काकूंनी ते उघडून बघितलं, मिटलं आणि पिशवीत टाकलं. त्या सगळ्या वेळात टाइपबाई खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी आणखी काही टाइप केलं नाही. संध्याकाळी शटर ओढताना मला एवढंच म्हणाल्या, "एकशे बारा झाली. म्हणजे एकशे बारा घरांत असं एकेक पान असेल." मी म्हटलं, "सगळ्यांच्यात असेलच असं नाही." त्यांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि गेल्या.

स्टोअरकीपरांच्या पुस्तकाचं प्रकाशन निवृत्तांच्या संघाच्या सभागृहात झालं. साठ खुर्च्या, त्यातल्या एक्केचाळीस भरल्या. त्यांनी चौदावं प्रकरण उभं राहून वाचलं. 'मी लेखणी खाली ठेवली, मान नाही' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पहिल्या रांगेतून काकूंनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. टाइपबाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. टाइपबाईंच्या टाळ्या जरा उशिरा आल्या.

दोन महिन्यांनी स्टोअरकीपर एकटेच आले. हातात निळं पुस्तक होतं. घरातल्या पुस्तकांची यादी करत होते, म्हणाले, तेव्हा सापडलं. कपाटात साड्यांच्या खाली नव्हे; त्यांच्याच पुस्तकाच्या शेजारी उभं ठेवलेलं होतं.

"हे तुम्ही टाइप केलंत?"

"हो," बाई म्हणाल्या.

"खरं आहे?"

"ते मी बघत नाही. शुद्धलेखन बघते."

"चुका आहेत?"

"एकही नाही."

स्टोअरकीपर बाकावर बसले. काकू बसायच्या त्याच जागी, पण त्यांना ते माहीत नसावं. बराच वेळ ते आपल्या धरलेल्या खांद्याला दुसऱ्या हाताने दाबत राहिले.

"मी सही केली नव्हती," ते म्हणाले. "ते खरं आहे. व्हॉल्व्ह रंगवलेले होते. माझ्या बोटाला रंग लागला होता."

"असेल ना."

"मग बदली कशामुळे झाली?"

टाइपबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. वीस वर्षं बदलीचे अर्ज टाइप केलेल्या बाईला हा प्रश्न म्हणजे घरचाच होता. "साहेबाला तुम्ही तिथे नको होतात. आणि त्याच्या बायकोने त्याला जेवताना हे सांगितलं. दोन्ही एकाच महिन्यात. ऑर्डरवर कारण लिहीत नाहीत."

"म्हणजे दोन्ही?"

"दोन्ही खरं असायला काय हरकत आहे?"

"मी चौतीस वर्षं हे प्रत्येकाला सांगत आलो. लग्नांत सांगितलं. दवाखान्यात सांगितलं. आणि ही बाजूला बसलेली असायची. एकदा तरी म्हणायचं होतं तिने."

"तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं," टाइपबाई म्हणाल्या. आणि स्वतःच दचकल्या, कारण हे शुद्धलेखनात बसत नव्हतं.

स्टोअरकीपर उठून गेले. मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. तिसऱ्या दिवशी ते एक चिठ्ठी घेऊन हजर. छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

'शुद्धिपत्र. पृष्ठ १४६, ओळ ९ : "तत्त्वासाठी" याऐवजी "तत्त्वासाठी व पत्नीच्या विनंतीवरून" असे वाचावे. पृष्ठ १५१, प्रकरणाचे शीर्षक : "वनवासाची सहा वर्षे" याऐवजी "धरणावरची सहा वर्षे" असे वाचावे.'

गोदामातल्या माणसाला नोंद चुकली की दुरुस्तीची नोंद करायची एवढंच माहीत. बाईंनी ते टाइप केलं, मी पन्नास पट्ट्या कापल्या. घरी राहिलेल्या एकोणीस प्रतींत त्यांनी माझ्याच टेबलावर पट्ट्या चिकटवल्या. उरलेल्या एकतीस लोकांच्या घरी गेल्या होत्या. त्यांची यादी त्यांच्याकडे होती, तारखेसकट.

यादीतल्या पहिल्या घरी निघायच्या आधी काकू आल्या. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ धरून वाचली. आम्ही तिघं बघत होतो. त्यांचा चेहरा जरा वेळ हलला, मग जागेवर आला.

"चूक आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे?" टाइपबाईंनी चष्मा लावला.

"'विनंतीवरून' नाही. मी विनंती केली नव्हती. सांगितलं होतं."

स्टोअरकीपरांनी पट्टी परत घेतली. वाचली. "'सांगण्यावरून'?" त्यांनी विचारलं.

"हो."

पट्ट्या पुन्हा छापल्या. चिकटवलेल्या एकोणीस मी वाफेवर धरून सोडवल्या. मग दोन आठवडे हे दोघं दुपारी घरोघर जात होते. ते आत जाऊन आपलंच पुस्तक परत मागायचे, पान काढून द्यायचे. काकू डिंकाची बाटली धरायच्या. एकतीसपैकी सव्वीस घरांत पुस्तक कधी उघडलेलंच नव्हतं, असं त्यांनी येऊन सांगितलं. पण पट्टी चिकटवताना सगळ्यांनी ती वाचली, आणि मग कुणी ना कुणी चौदावं प्रकरण उघडून बघितलं. पशुवैद्यांची बायको तर पट्टी वाचून आत निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी टाइपबाईंकडे आली. तिला दीड पान लागलं.

त्यानंतर बाईंनी ती कळ बंद केली. मोलाची साथ आली की त्या थांबायच्या, खुर्ची वळवायच्या आणि विचारायच्या, "कशात?"

बहुतेकांना राग आला. एक निवृत्त फौजदार म्हणाले, तुमचं काम टाइप करायचं. आणि पिशवी उचलून दुसरीकडे गेले. चार दिवसांनी परत आले. तोंड उतरलेलं होतं. "मी तिला विचारलं," ते म्हणाले. "दोन तास बोलत होती. मी लिहून घेतलंय, पण सगळं मावलं नाही." बाईंनी पानं घेतली आणि मोजून क्रमांक घातले. अकरा भरली.

अशी आठ-दहा गिऱ्हाइकं तुटली, आणि त्याहून जास्त आली. एकदा मी बाईंना म्हटलं, तुम्हीही लिहा की. त्या म्हणाल्या, "मी घरी विचारलं परवा यांना. मी तुम्हाला साथ दिली का हो कशात? म्हणाले, विचार करून सांगतो."

"मग?"

"आठ दिवसांनी सांगितलं. एकदा ते लिफ्टच्या खड्ड्यात अडकले होते तीन तास. सुटून घरी आले तर मी काही विचारलं नाही, नुसतं गरम पाणी काढून दिलं. म्हणे तेवढं बरं कधी वाटलं नाही. मला आठवतही नाही हो. मला वाटलं, उशीर झाला म्हणून पाणी काढलं असेल." हे सांगताना बाईंनी कीबोर्ड पुसायला घेतला आणि एकच कळ फार वेळ पुसली.

गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. स्क्रीन दिसते, पण हस्तलिखित आणि स्क्रीन यांच्यात डोळा जा-ये करू शकत नाही. आता सकाळी दहा ते एक काकू येतात आणि मोठ्याने वाचतात; बाई ऐकून टाइप करतात. काकू सरळ वाचतात, चढ-उतार नाही. वासाचं पान आलं तरी त्याच आवाजात. स्टोअरकीपर घरी डाळ-तांदूळ शिजवतात आणि कुकरच्या शिट्ट्या एका वहीत लिहून ठेवतात, असं कळतं.

सध्या एका मोजणीदाराचं पुस्तक चालू आहे. सोमवारी तो समोर बसला होता आणि काकू वाचत होत्या, "'आम्हा पाच भावंडांचे एकमेकांवर अतोनात प्रेम होते.'" बाईंची बोटं थांबली. काकूही थांबल्या. कुणी काही विचारलं नाही. मोजणीदाराने पेन्सिल मागून घेतली, 'पाच'वर काट मारून 'चार' केलं, आणि म्हणाला, वाचा पुढे.